खडू न पाजलेली भिंत

महानंदाबाईंनी एकतीस वर्षं उदगीरजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत मुलं शिकवली, आणि त्यातली निम्मी तरी वर्षं शाळेचा फळाही त्यांनीच काळा केला. जुन्या सेलमधली काळी पूड कुटायची, पाल्याच्या रसात खलायची, फडक्यानं फासायची आणि उन्हात वाळवायची. काम शिपायाचं. पण हेडमास्तर म्हणायचे, "बाईंचा हात चांगला आहे," आणि बाई पदर खोचायच्या. हात चांगला आहे म्हटलं की कुणाचंही काम अंगावर घ्यायचं, हा त्यांचा जन्माचा दोष.

नवरा गुरुपादप्पा गेल्यावर थोरल्या मल्लिनाथनं त्यांना लातूरला आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. धाकटा शिवप्रसाद नांदेडला. दोघंही आईला अव्वा म्हणायचे. बाल्कनीला लागून असलेली लहान खोली बाईंना मिळाली. कोनाड्यात त्यांनी विभूती आणि पूजेचं तबक मांडलं आणि मनाशी ठरवलं, आता इथून हलायचं ते एकदाच, चौघांच्या खांद्यावर. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कुणाला विचारलंही नाही. विचारायला हवं होतं.

सून मंजुश्रीला घर सजवायचा भारी नाद. मोबाइलवर काही बघायचं आणि दुसऱ्या दिवशी सामान आणायचं. गेल्या उन्हाळ्यात तिनं काळ्या रंगाचा डबा आणला. चॉकबोर्ड पेंट म्हणे. कशावरही लावा, वर खडूनं लिहा. तिनं मसाल्याच्या बरणीवर एक पट्टा ओढला. ओघळ आले. दुसऱ्या बरणीवर फुगे आले.

"अगं, काचेवर आधी पॉलिश पेपर मारावा लागतो," बाई दारातून म्हणाल्या. "गुळगुळीत अंगावर रंग धरतो होय?"

"आई, तुम्हाला येतं हे?"

"आम्ही याला फळ्याचा रंग म्हणायचो."

"मग तुम्हीच करा ना. किती छान हात आहे तुमचा!"

झालं. महिनाभरात बरण्या झाल्या, कुंड्या झाल्या, चहाचे ट्रे झाले, कपाटाचं जुनं दार झालं. बाई रंगवायच्या, मंजुश्री फोटो काढून टाकायची. तिच्या भिशीतल्या बायका मागायला लागल्या. बाईंनी सुनेला अक्षरंसुद्धा शिकवली: वेलांटी कुठून उचलायची, खडू कसा तिरका धरायचा. संध्याकाळी दोघी हाताला काळं माखून चहा प्यायच्या. बाईंना वाटायचं, आता आपण या घरात पाहुण्या नाही. उपयोगाचं माणूस कोण हलवतो?

फक्त जागेची अडचण होती. "या बरण्या वाळवायच्या कुठं गं?" बाई एकदा वैतागून म्हणाल्या. "घरात पाय ठेवायला जागा नाही." मंजुश्रीनं ते नीट ऐकून घेतलं.

मग जेवणाच्या टेबलासमोरची अख्खी भिंत काळी करायचं निघालं. बाईंनी भेगांत पुट्टी भरली, भिंत घासली, रोलरचा एक हात उभा आणि एक हात आडवा दिला. दोन दिवस कंबर धरून बसल्या. पण भिंत अशी झाली की बघत राहावं.

"तीन दिवस कुणी हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं. "मग मी खडू आडवा धरून सगळी भिंत पांढरीफटक करणार, कोरड्या फडक्यानं पुसणार. त्यानंतरच लिहायचं. फळ्याला आधी खडू पाजावा लागतो. नाहीतर पहिलं जे लिहाल ते भिंत पिऊन बसते. मग जात नाही."

"हो आई," मंजुश्री मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली.

तिसरा दिवस सोमवार. बाई सकाळी सिद्धेश्वराला जाऊन आल्या. चपला काढताकाढताच भिंतीकडं नजर गेली. कोपऱ्यात एक फूल, त्याखाली आठवड्याच्या भाज्या, आणि त्याखाली, त्यांनीच शिकवलेल्या वळणात:

अव्वा – श्रावण ते दिवाळी : नांदेड. दिवाळी ते गुढीपाडवा : लातूर. गुढीपाडवा ते आषाढ : नांदेड. मग पुन्हा लातूर.

"हे काय?"

मल्लिनाथ पोहे खात होता. "काही नाही अव्वा. शिवा अन् मी बोलायलो होतो. लिहून ठेवलं की गोंधळ होत नाही."

"कुणाचा गोंधळ?"

"तसं नव्हे. तुझी औषधं असतात, तिकिटं काढायची असतात..."

"माझ्याशी कधी बोलणार होतास?"

"आता बोलायलो की."

"आणि आई," मंजुश्री मधे पडली, "तुम्ही नसताना तुमच्या खोलीत सामान ठेवता येईल. तुम्हीच म्हणाला होता ना, वाळवायला जागा नाही म्हणून?"

म्हणाल्या होत्या. जवळजवळ ह्याच शब्दांत. बाईंनी भिंतीवरच्या 'अव्वा'वर बोट फिरवलं.

"वाईट वाटलं का? पुसते मी. पुसता येतं म्हणून तर भिंत केली."

"पूस बघू."

मंजुश्रीनं कोरडं फडकं मारलं, मग ओलं मारलं, मग भांड्याचा साबण लावला. फूल गेलं नाही, भाज्या गेल्या नाहीत. अव्वाही गेली नाही. काळ्यावर राखाडी, पण दारातून वाचता येईल अशी.

"खडू पाजला होतास?"

"आज भिशी आहे हो आपल्याकडं. म्हटलं, भिंत रिकामी कशी दाखवायची..."

संध्याकाळी बायका आल्या. एकीनं चष्मा लावून सगळं वाचलं. "अगंबाई, सासूबाईंचंसुद्धा टाइमटेबल! मंजू, तुझं डोकं म्हणजे डोकं आहे हं!" बाई चिवड्याच्या बशा घेऊन तिथंच उभ्या होत्या.

बायका गेल्यावर मल्लिनाथ म्हणाला, "अव्वा, जायच्या आधी तेवढा एक हात मारून दे की भिंतीवर. बरं दिसत नाही. तुझा हात चांगला हाय."

"न्हाई," बाई म्हणाल्या. पासष्ट वर्षांत हात चांगला आहे ऐकून त्यांनी पहिल्यांदा नाही म्हटलं. "ज्यानं लिहिलं त्यानं खरवडावं."

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी मल्लिनाथनं त्यांना नांदेडच्या एसटीत बसवलं. खोलीतलं तबक पिशवीत होतं. गाडी अहमदपूर सोडेपर्यंत त्यांनी खिडकीबाहेरही पाहिलं नाही.

धाकटी सून उज्ज्वला दारातच वाट बघत होती. ती पाया पडली, तिनं चहा दिला. बाईंची पिशवी हॉलमधल्या दिवाणाखाली सरकवली. इथं वेगळी खोली नव्हती. मग तिनं आतून एक डबा आणून टेबलावर ठेवला. काळा रंग.

"आत्याबाई, मंजुताईंच्या भिंतीचा व्हिडिओ बघितला. काय सुरेख केलीय हो! आमची पण करून द्या ना. दिवाळीपर्यंत आहातच तुम्ही."

बाईंनी डबा उचलला, हलवून पाहिला, खाली ठेवला.

"पहिलं काय लिहिणार आहेस त्याच्यावर?"

"ते काही ठरवलं नाही हो. का?"

"ठरव," बाई म्हणाल्या आणि पदर खोचून त्यांनी पॉलिश पेपर मागितला.