मोठा झालेला मावा

'माझी नात आहे म्हणून सांगत नाही' असं म्हणायची पद्धत आहे. मी सरळ सांगतो, माझी नात आहे म्हणूनच सांगतोय. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं उठून चहा ठेवावा.

नोकरीची सगळी वर्षं मी धरणावर काढली, भातसानगरच्या वसाहतीत राहून. काम एकच. पाण्यात उभी केलेली पट्टी ठरल्या वेळी वाचायची आणि आकडा वहीत लिहायचा. मग ऊन असो, पाऊस असो की अंगात ताप असो. रिटायर झालो आणि डोळखांबच्या रस्त्यावरच्या आमच्या गावी येऊन बसलो. बसलो म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या मागे लागलो. चार महिन्यांत बायको वैतागली. "अवो, माझ्या भाकऱ्या काय मोजताय? त्या पोरांकडं तरी बघा जरा!"

पोरं म्हणजे माझ्या मुलाची दोन. नात दुसरीत, नातू बालवाडीत. घरामागे परस आणि परसाला लागून भाताचं खाचर. भात निघाला की त्याच ओलीवर आम्ही वाल पेरतो. तिथे किड्यांना काय तोटा! नाकतोडे, चतुर, मुंगळे, शेणाची गोळी ढकलत नेणारा शेणकिडा. पोरं किडे पकडायची ती छळायलाच. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचा खेळ मीसुद्धा लहानपणी खेळलोय, तेव्हा कोणत्या तोंडानं ओरडणार? तरी ओरडलो. लोणच्याची रिकामी बरणी दिली, तिच्या तोंडाला पातळ फडकं बांधलं आणि कायदे केले. किडा ज्या पानावर सापडला ते पान बरणीत टाकायचं. बघून झालं की जिथून आणला तिथेच नेऊन सोडायचा. सकाळी शाळेआधी बघायचं आणि संध्याकाळी दिवा लागायच्या आधी बघायचं. जे डोळ्यांना दिसलं तेवढंच सांगायचं, मनचं एक अक्षर नाही.

नातवाला सगळेच किडे वाघ वाटायचे. "आबा, ह्यानं माझ्याकडं बघितलं!" म्हणून तो पळत सुटायचा. नात मात्र डोळ्यांत तेल घालून बसायची आणि वहीत चित्रं काढायची. एकदा कोळ्याला सहा पाय असतात असं मी ठणकावून सांगितलं, तर तिनं बरणी माझ्या नाकाखाली धरली. "मोजा, आबा." आठ निघाले. मी रागावल्यासारखं केलं, पण अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

आता वालाची गोष्ट. आदल्या वर्षी मावा पडला होता. काळे, बारीक किडे, कोवळ्या शेंड्यांना लगडलेले. आज फवारू, उद्या फवारू करत मी वेळ घालवला आणि वाल पार गेला. वर्षभर आमच्या घरी बिरडं शिजलं ते दुकानातून आणलेल्या वालाचं, आणि बायकोनं ते प्रत्येक वेळी बोलून दाखवलं. त्यामुळे या वर्षी शेंड्यावर पहिला मावा दिसताच मी मुलाला शहापूरला पिटाळलं आणि औषध आणवलं. मुलाला सुट्टी रविवारची. म्हटलं, तोवर फवारायचा पंप धुऊन ठेवतो.

माव्याबरोबर आणखी एक प्रकार दिसत होता. काळ्या, काटेरी अळ्या, पाठीवर पिवळे डाग, दिसायला एकदम ओंगळ. जिथे मावा दाट तिथेच त्या फिरायच्या. आमच्याकडे सगळे जण सांगतात, मावा मोठा झाला की असा काटेरी होतो. माझा बाप तसंच सांगायचा, मीही तेच सांगत आलो. पंप धुताना नातीलाही सांगितलं, "बघ, हा मोठा झालेला मावा. रविवारी सगळा साफ."

ती बांधावर उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर. "नाय आबा. तो मावा नाय. ते टिकलीकिड्याचं पिल्लू हाय. ते माव्याला खातंय, मी बघितलं."

टिकलीकिडा म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो गोल किडा. नाव तिनंच ठेवलेलं.

"खाताना बघितलंस?"

"हो. लय वेळा."

"आणि त्याचाच टिकलीकिडा होतो, हे बघितलंस?"

ती जरा अडखळली. "पिल्लू पानाला चिकटून गप बसतं. मग चार-पाच दिवसांनी तिथं नुसती साल असते आणि बाजूला टिकलीकिडा बसलेला असतो."

"सालीतून बाहेर पडताना बघितलास?"

"...नाय."

"मग ते बघितलं नाय गो बाय. तो अंदाज झाला."

तिचं तोंड एवढंसं झालं. मुलगा ओटीवरून हसला, "बाबा, कुणाशी भांडताय? सात वर्षांची हाय ती." पण मला ते पटलं नाही. ज्या पोरीनं मला कोळ्याचे पाय मोजायला लावले, तिला उडवून कसं लावायचं? मी म्हटलं, "रविवारपर्यंत मुदत. पानाला चिकटून बसलेलं एक पिल्लू बरणीत ठेव. त्यातून टिकलीकिडा निघाला तर औषध नाय मारणार. दुसरं काय निघालं तर मारणार, आणि मग रडायचं नाय."

ती हो म्हणाली. वालाच्या रांगांमध्ये तिची ती शंभरेक पिल्लं फिरत होती आणि त्यांचं मरण-जगणं त्या एका बरणीत होतं. चार दिवस तिनं खेळ सोडला. शाळेत जाताना बरणी माझ्या हवाली करायची, "आबा, झोपू नका हां," असं बजावून. तुरीच्या दाण्याएवढं ते पिवळट बोंड पानाला चिकटून होतं, हलत नव्हतं की डुलत नव्हतं. इकडे शेंड्यावरचा मावा वाढत होता. बायको रोज वालाकडे बघायची आणि मग माझ्याकडे.

रविवार उजाडला. मुलगा आणि मी परसात पंपाला पाणी भरत होतो. दोन्ही पोरं ओटीवर बरणीपाशी. मग नात एकटीच आली, बरणी छातीशी धरून. डोळे वाहत होते, पण रडण्याचा आवाज नव्हता.

"आबा, बाहेर पडताना बघितला मी. पिवळा हाय. नुसता पिवळा. टिकली एक पण नाय." तिनं नाक पुसलं. "मी चुकले. तुमी मारा औषध."

बरणीत बघितलं. खरंच, हळदीच्या रंगाचा, ओलसर, कोरा किडा, सालीला धरून बसलेला. तिथे तिच्याशिवाय एक बालवाडीतलं पोर होतं. फडकं सोडून तिनं तो उडवून दिला असता आणि 'टिकलीकिडाच होता' म्हणाली असती, तर कोण विचारणार होतं? तिची सगळी पिल्लं वाचली असती. मुलानं औषधाची बाटली उचलली. मी त्याच्या हातातून काढून घेतली. का घेतली, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

"इतक्यात आकडा लिहू नको," मी तिला म्हटलं. "बस इथं. अजून बघू."

मागोमाग नातूही आला. आम्ही तिघं बांधावर बसलो, बरणी मध्ये. थोड्या वेळानं नातवाला कंटाळा आला, तो माती उकरायला लागला. ऊन वर आलं. किड्याच्या पिवळ्या पाठीवर धूसर काहीतरी दिसलं, मळ लागल्यासारखं. नात पुढे वाकली. मग एक डाग गडद झाला, मग दुसरा. पाठ केशरी व्हायला लागली. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. सगळे ठिपके काळे झाले तेव्हा नातू एवढ्या मोठ्यानं ओरडला की शेजारीण बाहेर आली.

औषधाची बाटली न फोडताच परत गेली. दहा-बारा दिवसांत मावा उतरला, शेंगा भरल्या. पुढे शेजारचे लोक आपल्या वालाची पानं घेऊन येऊ लागले, ते माझ्याकडे नाही, नातीकडे. "बाय, हा चांगला का वाईट?" सत्तरीच्या म्हाताऱ्यांना ती, "आधी बघून सांगते," असं म्हणायची आणि बरणी आणायला आत जायची. मी ओटीवर छाती काढून बसायचो.

पहिल्या बिरड्याच्या दिवशी बायकोनं ताटात वाढता वाढता मला टोमणा मारला. "नात जिंकली, तुमी हरलात, तरी मिशीला पीळ देताय! एवढी टिकली बघून आनंद झाला व्हय?"

"टिकली आली ती नंतर गो," मी म्हटलं. "माझा आनंद तिच्या आधीचा हाय. बरणी घेऊन ती परसात आली ना, मी चुकले म्हणत, तेव्हाचा."