गेटच्या बाहेरचं मरण

"मरायचंच होतं तर गेटच्या आत येऊन मरायचं होतं तिनं."

साहेब हे मराठीत बोलले. शेजारच्या पंजाबी बाबूंना कळलं नाही, तर त्यांना हिंदीत करून सांगितलं. ते हसले. हिराच्या दहाव्याला उतरवलेले माझे केस अजून आले नव्हते.

साहेब आमच्या साताऱ्याकडचे. बदली होऊन चंदीगडला आले, तेव्हा आम्हा नवराबायकोला सोबत आणलं. मी बंगल्यावर माळी, राहायला मागची खोली. हिरा त्यांच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये. कारखाना पार कालक्याच्या रस्त्याला. बायकांना न्यायला पहाटे कारखान्याचा ट्रक यायचा. एकदा हिराचा ट्रक चुकला, ती बसनं गेली. मुकादमानं गेटवरूनच परत धाडली. ट्रकातून येईल तीच आत. तिथला नेमच तो.

तोच ट्रक एका पहाटे पिंजौरच्या वळणावर उलटला. हिरा त्यात होती.

साहेबांनी कायद्याचं पुस्तक माझ्या तोंडासमोर धरलं. "वाच. काम करताना मेला तर भरपाई. येताना मेला तर, असं कुठंय?" मी दुसरी शिकलेला. इंग्रजी काय वाचणार. "होय साहेब" म्हणालो आणि बाहेर आलो.

कोर्टाबाहेर झाडाखाली एक म्हातारा सरदार वकील बसायचा. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबाजी, कानून बनानेवाले ने 'काम' लिख दिया. काम कहाँ से शुरू, ये हर गेट पे खड़े होके थोड़े लिखेगा? वो जज बताता है. जब कोई लड़ता है, तब."

कायद्यातला शब्द जजाला खोडता येत नाही. पण तो शब्द कुठवर पोचतो, ते जजच सांगतो. वरच्या कोर्टानं एकदा सांगितलं की खालच्यांना मानावं लागतं. दिल्लीत कायदा करणाऱ्यांना पटलं नाही तर त्यांनी कायदा बदलावा. तोवर जजानं लिहिलं तेही कायदाच. हे मला त्या झाडाखाली कळलं.

म्हणजे कायदा त्या पुस्तकात संपत नव्हता. साहेबांना हे ठाऊक होतं. मला ठाऊक नाही, हेही ठाऊक होतं.

त्याच वकिलाकडून केस घातली. खालच्या कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला. साहेबांनी बंगल्यावर बोलावलं. "हायकोर्टात जाऊ नकोस. मागची खोली मरेपर्यंत तुझी. गेलास तर आजच रिकामी कर."

मी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"साहेब, ट्रकात न बसता तिला काम मिळत होतं का?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? ट्रकात पाय ठेवला तिथंच तिचं काम सुरू झालं. तुमची खोली तुम्ही घ्या."

बाईसाहेब दारातून म्हणाल्या, "हिरा असती तर तुला असं बोलू दिलं नसतं तिनं."

"हिरा असती तर मी इथं उभाच नसतो, बाईसाहेब."

तिचा तवा आणि एक वळकटी घेऊन निघालो. आता जवळच्या खरड गावात एका ढाब्यावर भांडी घासतो, मागच्या शेडात झोपतो. तवा माझ्याजवळच आहे. त्यावर भाकरी नीट येत नाही. तिच्या हातची यायची.

तारीख असली की हायकोर्टात जाऊन बसतो. त्यांचा वकील म्हणतो, गेट. आमचा म्हणतो, ट्रक. त्या ट्रकातून आजही बायका जातात. त्यांच्यासाठीही हे एकदा लिहून व्हायला हवं.

हिरा कामावर मेली. हे जजानं लिहीपर्यंत मी उठणार नाही. इथल्यानं नाही लिहिलं तर याच्या वरचा जज दिल्लीत बसतो. दिल्लीची बस सतरा सेक्टरच्या स्टँडवरून सुटते.