बँकेने सोडलेले पैसे

आमचे हे फोटोंच्या चौकटी बनवतात. हातात कला आहे, पण खरा जीव घासाघिशीत. काचवाल्याने शंभर सांगितले की हे पन्नासपासून सुरू करतात, ऐंशीला घेतात आणि रात्री जेवताना मला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवतात.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. शेजारचा गाळा रिकामा झाला तेव्हा मालक म्हणाला, "पहिला मान तुमचा. पण महिनाअखेर अनामत हवी." ह्यांनी कर्जासाठी अर्ज केला.

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या नवऱ्याला, म्हणजे ह्यांच्या साडूला, घरासाठी कर्ज मिळालं होतं. "अगं, बँकच मागे लागली होती," म्हणाली. मी अभिनंदन केलं आणि फोन ठेवून भांडी आपटली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. साडू म्हणजे भाजीवाला सांगेल तो भाव मुकाट्याने देणारा माणूस. आणि त्याच्या मागे बँक धावते?

आमचा अर्ज परत आला. बँकेतले साहेब म्हणाले, "तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीची नोंद, काढून बघा. वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात चूक असली तर तक्रार करून दुरुस्त करता येते." फुकट म्हटल्यावर ह्यांचा चेहरा खुलला.

रिपोर्ट मीच फोनवर काढला. नाव, पत्ता, जन्मतारीख, एकेक ओळ तपासली. कुणीतरी आपलं कर्ज ह्यांच्या नावावर टाकलंय, अशी माझी खात्री होती. चूक कुठेच नव्हती. कापायच्या मशीनसाठी पूर्वी घेतलेलं आमचंच कर्ज होतं आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'तडजोडीने बंद'.

ही तडजोड म्हणजे ह्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा पराक्रम. हप्ते थकले तेव्हा ती बँक म्हणाली, एवढे एकरकमी भरा, बाकीचे सोडले. बँकेलाही खाली आणलं, असं हे सगळ्या नात्यागोत्यात सांगत सुटले होते. साडूला तर मुद्दाम ऐकवलं, कारण तो आपलं कर्ज शेवटच्या पैशापर्यंत फेडत बसला होता. मीही शेजारी मान ताठ करून बसायचे.

"अशी नोंद दिसली की बँका कर्ज देत नाहीत. ते सोडलेले पैसे भरून टाका," साहेब म्हणाले. "काही येणं बाकी नाही असं त्या बँकेचं पत्र आणा. रिपोर्टमध्ये 'पूर्ण फेडले' असं होईल. पत्र आलं की मी तुमची फाइल पुढे सरकवतो."

"त्यात थोडं कमी नाही का होणार?" ह्यांनी विचारलं. साहेबांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

तेवढे पैसे उसने देईल असं एकच घर होतं. "तुझ्या बहिणीला विचार," हे म्हणाले. मी म्हटलं, मेले तरी नाही. पण महिना संपत आला, तेव्हा तिला चहाला बोलावलं.

ती नव्या घराचे फोटो दाखवत बसली. स्वयंपाकघरात दोन खिडक्या. मी 'छान, छान' म्हणत फोटो भराभर पुढे सरकवत होते. तरी मनाचा हिय्या करून तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "ताई, एक सांगू? बँकेने तुमचे पैसे सोडले ना, तेव्हा मी आमच्या ह्यांच्याशी किती दिवस बोलले नव्हते. म्हटलं, भावोजी बघा कसे हुशार, आणि तुम्ही पै न् पै भरताय. इतकी जळले होते मी तुझ्यावर."

हे दारात उभे होते. विचार, विचार, असं डोळ्यांनी सांगत होते. ती नाही म्हणणारी नव्हतीच. पण मग तो पराक्रमच आमच्या मुळावर आलाय, हे तिला सांगावं लागलं असतं. आणि माझी बहीण कधीतरी माझ्यावर जळली होती, हे ऐकायला मला इतकं गोड लागलं होतं की ते हातचं सोडवेना.

"अगं, त्याला बोलायची कला लागते," मी म्हटलं आणि तिच्या कपात आणखी चहा ओतला.

गाळा एका चप्पलवाल्याने घेतला. हे मला एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.