दहिवलीचा बिनलायसनचा डॉक्टर

आता हे सांगायचं म्हणजे माझी लक्तरं मीच वेशीवर टांगायची! पण चहा पाजताय, तर ऐका.

कर्जतजवळच्या दहिवलीत माझा दवाखाना आहे. चांगला एमबीबीएस आहे हो, रीतसर नोंदणीवाला! पण इंग्लंडला जायचं खूळ डोक्यात शिरलं. तिथे इथली डिग्री नुसती दाखवून भागत नाही, तिथलं लायसन लागतं आणि त्यासाठी परीक्षा. लेखी पार पडली, प्रात्यक्षिक राहिलं. त्यात पेशंट म्हणून चक्क नट बसवतात! आठ मिनिटांत सगळं उरकायचं. वर हसून विचारायचं, 'तुम्हाला काय झालं असेल, असं तुम्हाला वाटतं?'

हे कर्जतच्या पेशंटला विचारून बघा! "मला ठावं असतं तर तुमच्याकडं कशाला मरायला आलो असतो?"

सरावाला नट आणायचे कुठून? आत्या म्हणाली, "त्यात काय रं? आमच्या भजनी मंडळात सगळी नाटकीच हायेत. रोज चारला येक धाडते."

पहिल्या दिवशीची बाई 'छातीत दुखतंय' म्हणताना स्वतःच फिदीफिदी हसत सुटली. दुसरीने लक्षणं सोडून सुनेच्या तक्रारी सांगितल्या.

तिसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला एक गृहस्थ आत आले. लोधिवलीचे बाळारामशेठ, इथे लेकीकडे आलेले, हे सगळं मला नंतर कळलं. घामाने डबडबलेले, कमरेत वाकलेले, तोंडाने "आई गं!" चाललेलं. मी खूश! मोबाइलवर आठ मिनिटं लावली.

"तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?"

"मरतोय मी, डॉक्टर!"

"बरं. मग माझ्याकडून काय अपेक्षा आहे?"

"मरू नये, आणखी काय!"

अहो, मी टाळ्या वाजवल्या! "वा शेठ! अगदी खऱ्यासारखं वाटतंय! फक्त ओरडणं जरा कमी करा. इंग्लंडचा पेशंट एवढा ओरडत नाही."

तेवढ्यात दारात आत्या, सोबत एक बाई. "उशीर झाला रं. ही घे, आजची खोटी पेशंट."

मग हे कोण? तपासलं तर मुतखडा! धावतपळत इंजेक्शन दिलं. इतकी लाज वाटली म्हणून सांगू! अर्ध्या तासाने शेठ उठून बसले, तशी आत्या सारवासारव करायला पुढे झाली.

"राग मानू नका, शेठ. पोराची परीक्षा हाय. लायसन मिळायचंय ना अजून!"

शेठ ताडकन उभे. "म्हंजे लायसन नाय? आन् मला सुई टोचली?"

"इंग्लंडचं नाही हो! इथलं आहे!"

ऐकतंय कोण? शेठ रिक्षात बसलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी आणि पंखा. तिसऱ्या दिवशीही तेच. इंग्लंड राहिलं बाजूला, दहिवलीतलीच प्रॅक्टिस बुडायची पाळी! शेवटी नोंदणीचं सर्टिफिकेट कपाटातून काढलं, मोठी फ्रेम केली आणि खुर्चीमागे ठोकलं.

आठवड्याने लेकीने शेठना ओढतच आणलं, खडा पुन्हा दुखायला लागला होता. मी फ्रेमकडे बोट दाखवलं. शेठनी चष्मा लावला, अक्षर न् अक्षर वाचलं, काचेवरून शिक्क्यावर बोट फिरवलं.

आणि टाळ्या वाजवल्या!

"वा डॉक्टर! अगदी खऱ्यावानी वाटतंय!"