बाजाराची वाट

वना कोतवाल बाजाराला निघाला की मी दारातून आत सरकते. आठ वर्षं झाली, अजून त्याच्याकडे बघायची हिंमत होत नाही.

मी लाडकुंवर, तापीकाठच्या गावातल्या दलिचंद वाण्याची बायको. अडुसष्ट सालच्या श्रावणात तापी फुगली आणि सकाळीच वनानं गाव सोडायची दवंडी दिली. गावाबाहेर चिंचेपाशी फाटा आहे. डावीकडे शिरपूरच्या बाजाराची सडक, सोपी, पण मध्ये नाल्यावर फरशीचा बुटका पूल. उजवीकडे टेकडीवरून लांबची, दगडधोंड्यांची वाट. फरशी पाण्याखाली जाणार हे वनाला दिसत होतं, म्हणून सगळ्यांनी टेकडीनं जायचं ठरलं. माणसांनी ऐकलं, पण बैलांना कोण सांगणार? ते दर आठवड्याच्या सवयीनं डावीकडेच वळत. वना भर पावसात फाट्यावर उभा राहून एकेका जोडीची वेसण धरून त्यांना उजवीकडे घालत होता.

त्याची स्वतःची जोडी तर नावाजलेली. बाजाराला निघालं की वना गाडीत ताणून द्यायचा आणि बैल गाडी थेट बाजारातल्या वडाखाली नेऊन उभी करायचे. फार मिरवायचा तो. त्या दिवशी त्याची बायको बेबाबाई सगळ्यात शेवटी निघणार होती. तू नुसती बस, फाट्यावर मी आहेच, असं त्यानं तिला सांगून ठेवलं होतं.

आणि आमचे शेठ! दुकानातली झाडून सारी लोखंडी वजनं त्यांनी गाडीत भरली. पुरात कुणाला काय तोलून देणार होते, देव जाणे. मी बोलले, पण ऐकतो कोण. चढावर आमच्या गाडीचा आस मोडला, गाडी आडवी झाली आणि मागच्या बारा गाड्या अडकल्या. आरडाओरडा झाला तसा वना फाटा सोडून वर धावत आला. आमची गाडी कडेला ढकलायला जेमतेम पाव तास लागला असेल.

तेवढ्यात बेबाबाईची गाडी फाट्यावर आली. मागं बांधलेलं वासरू बुजू नये म्हणून ती पाठमोरी बसली होती, डोक्यावर घोंगडी. बैल डावीकडे वळले. आम्ही सगळ्यांनी चढावरून ते पाहिलं. वनानं जिवाच्या आकांतानं हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात तिला त्या ऐकू गेल्या नाहीत. तो फरशीपाशी पोचला तेव्हा तिथं गाडी नव्हती.

बेबाबाई सापडलीच नाही. तिसऱ्या दिवशी एक बैल सापडला. गळ्यात तुटकं जोत घेऊन तो बाजारातल्या त्याच वडाखाली उभा होता.

वनानं तो विकला नाही. दुसरं लग्नही केलं नाही. घरी आला की आतून कडी लावून घेतो. सणावाराला मी डबा पाठवते. डबा घासून परत येतो, निरोप काही येत नाही. बाजाराला मात्र तोच बैल छकड्याला जुंपतो आणि स्वतः कासरा धरून पुढे पायी चालतो.

परवा धीर करून मी बाहेर आले. म्हटलं, "वनाभाऊ, ऊन केवढं आहे. छकडा रिकामाच आहे, बसत का नाही?"

तो थांबला. आमच्या वजनांबद्दल आजवर तो एका शब्दानं बोलला नव्हता, तेव्हाही बोलला नाही. बैलाच्या पाठीवरून त्यानं हात फिरवला.

"त्याले वाट पाठ शे, अक्का," तो म्हणाला. "म्हनीसन मी पुढे चालस."