पाचवं शील

टाकीचं झाकण उघडलं की आंबणाऱ्या द्राक्षरसाचा वास अंगावर येतो. मी वाइन बनवतो. फ्रान्सच्या गारठ्यात हा वास सावकाश चढायचा, ऑस्ट्रेलियाच्या उन्हात एका दिवसात भपकन यायचा. नाशकात ऐन हंगामात तो सदऱ्यात असा मुरतो की धुऊनही जात नाही.

आणि तो आला की मला मनमाडचं आमचं विहार आठवतं. परदेशातून आल्यावर नाशकातला माझा पहिलाच हंगाम होता. माघ पौर्णिमेला कामावरून तसाच वंदनेला गेलो. वडील रेल्वेत क्लार्क, आयुष्यात दारूला न शिवलेले. पंचशील म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांत खणखणीत. मी त्यांच्या शेजारी बसलो, तशी पुढच्या बाईंनी वळून पाहिलं आणि पदर नाकाला लावला.

चार शीलं म्हणून झाली. पाचवं आलं, मद्यापासून दूर राहण्याचं. माझे ओठ हलेनात. मग लक्षात आलं, शेजारचा आवाजही थांबलाय.

बाहेर चपला घालताना कुणीतरी विचारलं, "दादा, आज शेवटाला आवाज बसला का?"

"थंडी लय हाय ना," वडील म्हणाले.

तेव्हा वाटलं, पोराची लाज वाटून ते गप्प झाले. तिथे मी एकटा गप्प दिसू नये म्हणून ते थांबले होते, हे फार उशिरा उमगलं, आणि तेव्हापेक्षा जास्त शरमलो.

वडील आता नाहीत. पौर्णिमेला मी अजूनही विहारात जातो. पाचव्या शीलाला मी एकटाच गप्प असतो.