बोटावरचा चिमटा

आई दवाखान्यात ज्या वॉर्डात होती, तिथले सगळे मॉनिटर आता एकमेकांना जोडले आहेत. प्रत्येक खाटेवरची नाडी सिस्टरच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर दिसते, त्यामुळे तिला उठून फेऱ्या मारायला नकोत. सोय उत्तमच.

मी पोचले तेव्हा दाराच्या काचेतून आई दिसली. बोटाला लावलेला नाडीचा चिमटा तिने दुसऱ्या हाताने हळूच काढून चादरीवर ठेवला. तिकडे टेबलावर घंटी वाजली आणि सिस्टर धावत आली.

"आजी, परत सुटला होय?" म्हणत तिने आईचा हात हातात घेतला.

"सुटतो बाई सारखा," आई म्हणाली. "तू जेवलीस का गं?"

कुणी आपला हात धरावा असं वाटतं, हे पडद्यावरच्या कुठल्या रेषेत दिसायचं?

मी तिथे होते तोवर चिमटा एकदाही सुटला नाही.

आता आई तिच्या घरी आहे आणि मी इथे, माझ्या शहरात. रोज फोनवर विचारते, "बरी आहेस ना?"

"बरी आहे," ती म्हणते.

मी फोन ठेवते. वाटतं, आत्ता इथे घंटी वाजावी. तिच्या बोटाला आता काढायला चिमटाही नाही.